रिकाम्या पेढ्यांचे देणे: परभणी जिल्ह्यातील जुन्या बाजारपेठा आणि सरकारी तिजोरी

१/
परभणी जिल्ह्याचा इतिहास सांगणारा बहुधा चारठाण्याच्या देवळांपासून आरंभ करतो. गंगाखेडला तो संत जनाबाईंचे स्मरण करतो, पाथरीला निजामशाहीच्या कुलकर्णी पूर्वजांपाशी थबकतो आणि १७ सप्टेंबर १९४८ ला येऊन थांबतो. या वाटेवर एक वास्तू कधीच लागत नाही: बाजारातले दुकान. मानवत, सेलू आणि परभणीच्या जुन्या पेठा कापसाच्या पैशावर वाढल्या. त्या पेठांतील पेढ्या आज दर पावसाळ्यात थोड्या थोड्या कोसळत आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधी का द्यावा, हा या धाग्याचा विषय.

२/
या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला असतो. खासगी मालकाच्या दुकानावर जनतेचा पैसा का खर्चावा? आक्षेप रास्त वाटतो, परंतु इतिहासापुढे तो टिकत नाही. या पेढ्यांतील उत्पन्नाचा झरा शासनाच्याच कायद्यांनी अन्यत्र वळवला. आणि खासगी इमारतींवर सार्वजनिक पैसा खर्च करणे या राज्याला नवीनही नाही. ते त्याने दोनदा, मोठ्या प्रमाणावर केले आहे. एकदा तर मराठवाड्यातच.

३/
प्रथम पेठांच्या जन्माची हकीकत. खानदेश आणि वऱ्हाडातून लोहमार्ग १८६० च्या दशकातच गेला. तेथील कापूस मुंबई बंदराला जोडला गेला. गोदावरीखोऱ्याला मात्र पुढची तीन दशके बैलगाडीवरच विसंबावे लागले. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत पूर्ण झाला. परभणी, सेलू, पूर्णा ही नावे वेळापत्रकात आली. मानवत गाव रुळापासून दूर पडले, म्हणून त्याच्या नावाने ‘मानवत रोड’ हे स्थानक उभे राहिले. गावाबाहेरच्या स्थानकाला गावाचे नाव द्यावे लागणे, हीच त्या बाजारपेठेच्या वजनाची साक्ष होय.

४/
रूळ आले आणि त्यांच्यामागून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जाऊ लागल्या. या व्यवहाराला जागा लागत होती: माल उतरवायला, तोलायला, उचल द्यायला, हिशेब मांडायला आणि रात्री तिजोरी सांभाळायला. मराठवाड्यातील पारंपरिक पेढी या गरजांतून घडली. रस्त्याला लागून उंच ओटा, त्यावर लाकडी खांबांची ओसरी, एकेक करून काढता येणाऱ्या फळ्यांचे दार, आत गादी-तक्क्यांची बैठक, मागे कोठार, वर राहते घर आणि माथ्यावर माळवद.

५/
माळवद म्हणजे तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काड्यांचा थर आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हे छप्पर आतली हवा सुसह्य ठेवते. मात्र त्याची एक अट आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकून उतार नीट करावा लागतो. एक वर्ष चुकले की पाणी मुरते, दोन वर्षे चुकली की तुळईचे टोक कुजते आणि त्यानंतर भिंत फुगू लागते. म्हणजे ही इमारत टिकते ती वार्षिक खर्चावर, आणि तो खर्च धंद्यातून निघत असे. धंदा गेला की इमारतीचे आयुष्य मोजायला घ्यावे.

६/
तो धंदा कसा गेला, हे कायद्यांच्या क्रमाने पाहावे लागते. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये कृषी बाजारांचा कायदा केला. पुढे मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राने १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम आणला. शेतमालाची घाऊक विक्री बाजार समितीच्या नियंत्रणाखालील आवारात, परवानाधारकांमार्फत आणि उघड बोलीने व्हावी, हा त्याचा गाभा. हेतू उत्तम होता. रुमालाखालचे सौदे, मापातली चोरी आणि मनमानी कपात यांनी शेतकरी नाडला जात होता, हे नाकारता येणार नाही. परंतु परिणाम असा झाला की पेठेतील ओट्यावरचा लिलाव मोकळ्या जागेतील आवारात गेला. ओटा उरला, बोली गेली.

७/
दुसरा घाव अधिक खोल होता. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून ती लागू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकायचा. खासगी व्यापाऱ्याने तो घ्यायचा नाही. ही व्यवस्था सुमारे तीन दशके टिकली आणि २००२ मध्ये तिची मक्तेदारी संपली. योजनेच्या गुणदोषांवर ग्रंथ लिहिता येतील. पेठेपुरते सांगायचे तर, ज्या व्यवहारासाठी कापसाची पेढी बांधली गेली होती, तोच व्यवहार त्या पेढीत करणे बेकायदा ठरले. २००२ मध्ये बंदी उठली, तोवर एक संपूर्ण पिढी बदलली होती.

८/
तिसरा कायदा भाड्याचा. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. मुंबईचा १९४७ चा कायदा इथे नव्हता, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. पुढे राज्यातील वेगवेगळे कायदे एकत्र करून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आला. त्यानुसार भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. भाडेकरूचे संरक्षण आवश्यकच होते. पण दशकानुदशके गोठलेल्या भाड्यावर ४ टक्के वाढ म्हणजे किती, आणि सागवानी तुळई बदलायला किती लागतात, हे गणित कोणीही करून पाहावे. मालकाला दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरूला दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करण्याचे कारण नाही. दोघांच्या मध्ये इमारत झिजते.

९/
तीन कायदे, तिन्ही लोकहिताचे, तिन्ही लोकनियुक्त विधिमंडळांनी केलेले. त्यांचा लाभ समाजाला झाला असेल, तर त्यांची किंमतही समाजाने उचलायला हवी. धरणाखाली जमीन गेली की शासन मोबदला देते, कारण एकाचे नुकसान होऊन सर्वांचे हित साधलेले असते. जुन्या पेठेचे नुकसान त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की ते एका दिवसात पाण्याखाली गेले नाही. चाळीस-पन्नास पावसाळ्यांत विरघळत गेले, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आले नाही.

१०/
मग अशा इमारतीशी शासनाचा संबंध येतो तरी केव्हा? जून महिन्यात. परभणीत २०११ पासून महानगरपालिका आहे आणि धोकादायक इमारतीला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस देता येते. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. नोटिशीत दोनच पर्याय असतात: दुरुस्त करा किंवा पाडा. दुरुस्तीसाठी मदत कोठून मिळेल, हा तिसरा रकाना त्या कागदावर नसतो. शंभर वर्षांच्या वास्तूला लोकशाही शासनाने लिहिलेले एकमेव पत्र जर पाडकामाचे असेल, तर ‘वारसा’ हा शब्द भाषणांतून वगळलेला बरा.

११/
वारसा जपणारे कायदे आहेत, पण त्यांची नजर वेगळी आहे. १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो आणि त्यांतून राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके निवडतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित झाले. ही व्यवस्था देऊळ, लेणे आणि किल्ला यांच्यासाठी आहे. म्हणजे ज्यांत आज कोणी तराजू धरत नाही अशा वास्तूंसाठी. ज्या इमारतीत अजून दुकान उघडते, वर कुटुंब राहते, तिला स्मारक करणे योग्यही नव्हे. तिला हवे आहे छप्पर.

१२/
केंद्राची हृदय योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. वारसा शहरांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले गेले आणि देशातून १२ शहरे निवडली गेली: अजमेर, अमरावती, अमृतसर, बदामी, द्वारका, गया, कांचीपुरम, मथुरा, पुरी, वाराणसी, वेलंकणी, वरंगळ. यातील अमरावती आंध्रातील. महाराष्ट्रातील एकही शहर यादीत नव्हते. योजना मार्च २०१९ मध्ये संपली. यादीतील बहुतेक नावे तीर्थक्षेत्रांची आहेत, हेही ध्यानात घ्यावे. वारसा म्हणजे तीर्थ किंवा तट, ही समजूत दिल्लीपासून तालुक्यापर्यंत सारखीच आहे.

१३/
परभणी जिल्ह्याने याचा अनुभव घेतला आहे. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली. शिर्डीत त्यावरून १९ जानेवारीला बंद पाळला गेला. दाव्याच्या खरेखोटेपणाशी इथे कर्तव्य नाही. लक्षात घ्यायचे ते हे की एका छोट्या तालुक्याच्या गावासाठी १०० कोटींचा आकडा उच्चारणे शासनाला अशक्य वाटले नाही. तेव्हा ‘पैसा नाही’ हे उत्तर बाद होते. पैसा कशासाठी आहे, एवढाच प्रश्न उरतो.

१४/
आता पूर्वदाखले. पहिला मुंबईचा. शहर बेटावरील जुन्या, खासगी मालकीच्या, भाडेकरूंनी भरलेल्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये खास कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण झाले. त्या इमारतींवर उपकर बसला. त्या रकमेत राज्य शासन आणि महानगरपालिकेने आपला वाटा घातला आणि दुरुस्ती मंडळाने केली. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९ हजारांवर होती. त्यांपैकी असंख्य इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने होती. त्यावेळी ‘खासगी दुकानावर खर्च का’ हा प्रश्न शासनाला अडवू शकला नाही, कारण माणसे मरत होती. सेलू-मानवतची भिंत पडली तर खाली सापडणारी माणसे निराळी असतात काय?

१५/
दुसरा दाखला मराठवाड्याचाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे आपल्याच घराच्या दगड-मातीखाली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे, हे त्या मृत्यूंचे मोठे कारण ठरले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात नवी गावे वसवली गेलीच. पण त्याखेरीज अनेक जिल्ह्यांतील लाखाहून अधिक खासगी घरांची दुरुस्ती आणि मजबुतीही सार्वजनिक निधीतून करण्यात आली. भिंतीत जोड-दगड घालणे, काँक्रीटचा पट्टा फिरवणे, छपरावरची माती हलकी करणे, ही तंत्रे गावोगावच्या गवंड्यांनी शिकून घेतली.

१६/
किल्लारीने दोन गोष्टी सिद्ध केल्या. जुने घर पाडल्यावाचून सुरक्षित करता येते, ही एक. खासगी भिंतीसाठी सार्वजनिक पैसा हप्त्याहप्त्याने, कामाची तपासणी करत देता येतो, ही दुसरी. दुर्दैव असे की मराठवाड्याच्या मनात पहिला धडा उलटा ठसला. माळवद म्हणजे मृत्यू, असे समीकरण झाले आणि जे दुरुस्त होऊ शकत होते तेही पाडणे शहाणपणाचे ठरले. निष्काळजीपणाने राखलेले माळवद मारते, हे खरे. तसे निष्काळजीपणाने ओतलेले काँक्रीटही मारते.

१७/
यावर सर्वांत गंभीर आक्षेप शेतकऱ्याचा आहे. ज्या जिल्ह्यात दुष्काळ आणि कर्ज यांनी माणसे जीव देतात, तिथे व्यापाऱ्यांच्या पेढ्या सजवाव्यात काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु रस्त्याच्या कडेच्या कमानी, चौकांतील कारंजी आणि दुभाजकांवरचे शोभेचे दिवे या निधीतून होतात, तेव्हा हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिवाय जुनी पेठ आज सावकारांची राहिलेली नाही. बी-बियाणे, दोर, घोंगडी, किराणा, शिलाई आणि भांडी विकणाऱ्या लहान दुकानदारांची आणि तिथे बाजाराला येणाऱ्या खेड्यांची ती आहे. स्वस्त भाड्याची जागा हेच त्यांचे भांडवल. पेढी पाडून संकुल उभे राहिले की नव्या गाळ्याची अनामत सर्वांत आधी यांनाच बाहेर काढते.

१८/
दुसरा आक्षेप अस्मितेचा: या निजामी काळाच्या खुणा आहेत, त्या कशाला जपायच्या? राजवट निजामाची होती. कापूस इथल्या शेतकऱ्याने पिकवला, गाडी इथल्या बैलांनी ओढली, गाठी इथल्या हमालांनी उचलल्या, दगड इथल्या वडारांनी फोडला आणि तुळया इथल्या सुतारांनी तासल्या. त्या श्रमाला राज्यकर्त्याचे नाव देऊन पुसून टाकणे हा मुक्तिसंग्रामाचा सन्मान नव्हे. राजे-सुलतानांच्या इतिहासावर टीका करून सामान्यांचा इतिहास हवा म्हणणाऱ्यांना सामान्यांच्या कष्टाची ही वास्तू ओळखता येऊ नये, याचे नवल वाटते.

१९/
तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पैसा खाल्ला जाईल, किंवा रंगरंगोटीत उडेल. ही भीती निराधार नाही. अमृतसरमध्ये २०१६ मध्ये सुवर्णमंदिराकडे जाणारा रस्ता नटवला गेला, तेव्हा दुकानांच्या दर्शनी भागांवर एकसारखे नवे मुखवटे चढले. पर्यटकाला ते देखणे वाटते, पण त्यामागची जुनी भिंत तशीच राहते. वारशाच्या नावाने असे नेपथ्य उभारायचे असेल, तर खर्च न केलेला बरा. म्हणून निधीचा क्रम ठरलेला हवा: आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग तुळई आणि भिंत, मग विजेची जुनी जोडणी, आणि सर्वांत शेवटी दर्शनी भाग व पाट्या.

२०/
जगात हे नवे नाही. फ्रान्सने १९६२ मध्ये मालरो कायदा करून शहरांतील जुने विभाग एकसंध जपण्याची व्यवस्था केली. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन छोट्या गावांच्या मुख्य बाजारपेठांत प्रयोग झाला. त्यातून १९८० मध्ये ‘मेन स्ट्रीट’ हा राष्ट्रव्यापी कार्यक्रम निघाला. इंग्लंडने २०२० ते २०२४ या काळात ६० हून अधिक जुन्या बाजाररस्त्यांसाठी ९ कोटी ५० लाख पौंड बाजूला काढले. श्रीमंत देशांचे दाखले नको असतील, तर पुदुच्चेरी पाहावे. तेथील तमिळ वस्तीत एका रस्त्याच्या दर्शनी भागांचे जतन मालकांचा आणि सार्वजनिक निधीचा वाटा एकत्र करून झाले. युनेस्कोने २००८ मध्ये त्या कामाचा गौरव केला.

२१/
परभणी जिल्ह्यासाठी मागणी नेमकी मांडता येते. पहिली पायरी यादीची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची यादी आणि जतन यांची तरतूद आहे. महानगरपालिकेने आणि सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर, पाथरी यांच्या नगरपरिषदांनी आपापल्या पेठांतील वास्तूंची यादी करावी. यादीत येणे ही मालकाला शिक्षा वाटू नये, म्हणून यादीबरोबर मालमत्ता करात सवलत मिळावी.

२२/
दुसरी पायरी वाट्याची. जिल्हा नियोजन समितीने दरवर्षी ठराविक रक्कम बाजूला ठेवावी. दुरुस्तीच्या खर्चात निम्मा वाटा मालकाचा आणि निम्मा शासनाचा असावा; मालक दुर्बल असेल तर शासनाचा वाटा वाढावा. रक्कम किल्लारीच्या धर्तीवर काम पाहून हप्त्याने द्यावी. बदल्यात मालकाने लेखी हमी द्यावी: पंधरा वर्षे इमारत पाडणार नाही आणि दुरुस्तीचे निमित्त करून भाडेकरूला बाहेर काढणार नाही. हमी मोडली तर अनुदान व्याजासह वसूल व्हावे. खर्चाचा फलक प्रत्येक दुकानाबाहेर लावावा, म्हणजे हिशेब सगळ्या गल्लीला वाचता येईल.

२३/
तिसरी पायरी हातांची. माळवद हलके आणि जलरोधक करणे, चुन्यात काम करणे, जुन्या सागवानाला जोड देणे, हे जाणणारे कारागीर वयस्क होत आहेत. दुरुस्तीची कामे निघाली नाहीत तर त्यांच्यानंतर ही विद्या कोणाला विचारायची? प्रत्येक अनुदानित कामावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांना शिकाऊ म्हणून घेणे बंधनकारक करता येईल. मजुरी स्थानिक, लाकूड बहुतांशी आधीच जागेवर, माती शिवारातली. नव्या संकुलावर होणाऱ्या खर्चातील मोठा वाटा सिमेंट आणि लोखंडाच्या रूपाने जिल्ह्याबाहेर जातो. दुरुस्तीचा खर्च मजुरीच्या रूपाने पेठेतच फिरतो.

२४/
तोवर तरुण इतिहासप्रेमींनी करण्याजोगे काम आहे आणि त्याला निधी लागत नाही. पुढचा गड सर करण्यापूर्वी एका रविवारी आपल्याच गावच्या पेठेत जावे. मालकाच्या परवानगीने ओट्याची, खांबांची आणि तुळयांची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत. जुन्या वह्या, पावत्या, वजने आणि पाट्या यांची नोंद करावी. तिथे काम केलेल्या हमालांकडून, मापाड्यांकडून आणि मुनिमांकडून भावाच्या, हंगामाच्या, हिशेबाच्या आठवणी टिपून घ्याव्यात. ती नोंद नगरपरिषदेकडे लेखी अर्जासह द्यावी आणि पोच घ्यावी. पुढच्या जूनमध्ये एखाद्या पेढीला नोटीस निघेल, तेव्हा ती काय वास्तू आहे हे सांगणारा एक कागद तरी त्याच कार्यालयात आधीपासून दाखल असेल.